मोट मऊ, सीट ताठ

आजचा भाग सायकलच्या सीटबद्दल आहे. फोमचं, जेलचं, रेक्झिनचं सीट नाही हं. चामड्याचं. जुन्या काळ्या सायकलींवर असायचं ना, मागे दोन जाड स्प्रिंगा, वर तपकिरी चामडं, आणि बसलं की कुईं कुईं आवाज. तेच.

असं एक सीट मी एका रात्रीत बिघडवलं. तेही प्रेमापोटी. आधी ती गोष्ट सांगतो, मग सीट कसं सांभाळायचं ते सांगतो.

माझे आजोबा धुळे तालुक्यातले. त्यांची हर्क्युलस सायकल होती. या सायकली मद्रासच्या टीआय कंपनीच्या, कंपनी 1949 साली सुरू झालेली. आजोबा शेतात सायकलवर, धुळ्याच्या बाजारात सायकलवर, पाव्हण्यांकडे सायकलवर. 30 वर्षांहून जास्त काळ एकाच सीटवर बसले. त्या चामड्यात दोन खळगे पडले होते, डावा जरा जास्त खोल, कारण आजोबा डावीकडे कलून बसायचे. रिकामी सायकल उभी असली तरी आजोबा बसलेत असं वाटायचं.

मागच्या मे महिन्यात ते गेले. यंदा वर्षश्राद्धाला मी ठरवलं, जळगावहून गावी त्यांच्याच सायकलवर जायचं. धुळ्यापर्यंत 90 किलोमीटरच्या वर अंतर आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मग धुळे. मेकॅनिकने ट्यूब बदलल्या, चेनला तेल दिलं आणि म्हणाला, "हे सीट फेका, नवीन रेक्झिनचं टाकून देतो." मी म्हटलं, सीटला हात नाही लावायचा.

पण सीट सुकलं होतं. माळ्यावर दोन उन्हाळे काढलेले, पार कडक. घरात काका म्हणाले, "त्याला तेल पाज. आम्ही मोटेला पाजायचो." तुमच्यातल्या अनेकांनी मोट बघितली नसेल. विहिरीवर पंप नव्हते तेव्हा बैल चामड्याची मोठी मोट ओढायचे आणि पाणी काढायचे. ती मऊ राहावी म्हणून तिला तेल लागायचं.

मला पटलं. घरात एरंडेलाची बाटली होती. अर्धी बाटली वरून-खालून चोळली, सीट पॉलिथिनमध्ये गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तेल नीट मुरावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवलं. जळगावचं मे महिन्यातलं ऊन, पारा 44 च्या पुढे. संध्याकाळी सीट असं चमकत होतं की मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

पहाटे साडेतीनला निघालो. पाळधीपर्यंत मजा आली. मग सीट खाली खाली जायला लागलं. एरंडेल पाजलं आणि नेमकं एरंडोललाच त्याने जीव सोडला! मधलं चामडं झोळीसारखं लोंबलं आणि खालची लोखंडी पट्टी लागायला लागली. कुठे लागत होती ते विचारू नका. पुढचं बरंच अंतर मी पेडलवर उभा राहून काढलं.

पारोळ्याच्या स्टँडजवळ एक चर्मकार काका नुकतं दुकान मांडत होते. त्यांनी अंगठ्याने सीट दाबलं. अंगठा तेलाने ओला झाला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हाई काय करी टाकं रे भो!"

मी मोटेचं सांगितलं. ते हसले. त्यांचे वडील मोटा शिवायचे. म्हणाले, "मोटेचं काम वाकायचं, म्हणून ती मऊ पाहिजे. सीटचं काम तुला तोलायचं, म्हणून ते ताठ पाहिजे. चामडं तेच, पण काम वेगळं. काम न विचारता तेल पाजलंस तू."

मंडळी, आजच्या भागाचं सार हेच आहे. आता ते नीट समजून घेऊ.

चामडी सीटच्या आत फोम नसतो, खाली प्लास्टिकचा सांगाडा नसतो. एकच जाड चामडं पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून रिव्हेटने ठोकलेलं असतं. थोडक्यात ती बाज आहे. बाजेची सुतळी सैल झाली की पायथ्याच्या दोऱ्या ओढतो ना? तसा या सीटच्या नाकाखाली एक नट असतो. तो फिरवला की चामडं ताणलं जातं.

हे चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं असतं. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा वापरायचे. कोल्हापुरी चपलेचं चामडंही असंच कमावतात. ते सुरुवातीला लाकडासारखं कडक असतं, पण अंगाच्या उबेने आणि घामाने हळूहळू आपला आकार घेतं. नव्या सीटला त्यासाठी शेकडो किलोमीटर चालवावं लागतं. द्रव तेल भरपूर पाजलं की ते आतल्या धाग्यांत शिरतं, धागे एकमेकांवरून सरकायला लागतात आणि चामडं ताण धरत नाही. त्यात ऊन मिळालं की तेल आणखी आत जातं. मी दोन्ही केलं होतं.

काकांनी काय केलं? आधी चिंध्यांनी दाबून दाबून निघेल तेवढं तेल टिपलं. मग दोन्ही बाजूंच्या खाली लोंबणाऱ्या कडांना आरीने ओळीत भोकं पाडली आणि बुटाच्या नाडीसारखी वादी खालून ओवून दोन्ही कडा एकमेकींकडे ओढून बांधल्या. बाजू आत आल्या तसं मधलं चामडं वर उचललं. शेजारच्या सायकल दुकानातून पाना आणला आणि नट फक्त पाव फेरा फिरवला. मी म्हटलं, अजून घट्ट करा. म्हणाले, "आज नाही. आत्ता ताणलं तर रिव्हेटपाशी फाटेल."

मी गावी पोहोचलो, उशिरा का होईना. सीट आजही चालतं. पण ते दोन खळगे गेले. 30 वर्षांत पडलेला आकार माझ्या अर्ध्या बाटलीने पुसला. काकांना परत भेटलो तेव्हा हे बोललो. ते म्हणाले, "आता तुझा पडेल." आता रोज मेहरूण तलावापर्यंत त्याच सायकलवर जातो.

तुमच्या घरी असं सीट असेल तर हे ऐका.

एक. तेल नको, मेण. खोबरेल, एरंडेल, मोहरीचं, गाडीचं ऑइल, काहीच नको. इंग्लंडची ब्रूक्स ही 1866 ची कंपनी आजही अशी सीटं बनवते, तिचं बी-17 हे मॉडेल शंभराहून जास्त वर्षं विकलं जातंय. ती कंपनी सोबत जे मलम विकते ते चरबी आणि मधमाशीच्या मेणाचं आहे, डबीत घट्ट बसणारं. तशा प्रकारचं चामड्याचं मेण घ्या. बोटाच्या टोकावर येईल तेवढंच, पातळ थर. रात्रभर ठेवा, सकाळी सुक्या फडक्याने पुसा. वर्षातून दोन-तीनदा पुरे. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर.

दोन. ऊन. कॉलेजला, क्लासला सायकल सावलीत लावा. सावली नसेल तर सीटवर सुती फडकं टाका. खानदेशातला उन्हाळा चामड्यातला ओलावा ओढून घेतो, मग तडे जातात.

तीन. पाऊस. सीट वरून भिजतं त्यापेक्षा जास्त खालून भिजतं, मागच्या चाकाच्या चिखलाने. जुन्या सायकलींना पूर्ण मडगार्ड असायचे, तेव्हा ही सीटं टिकायची. मडगार्ड लावा. उभी असताना प्लास्टिक पिशवी चालेल, पण घरी आल्यावर काढा, नाहीतर बुरशी येते. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन सुक्या फडक्याने पुसा आणि वाऱ्यावर ठेवा.

चार. भिजलंच तर सावलीत वाळू द्या. गॅसजवळ नको, हेअर ड्रायर नको, ऊन तर नकोच. आणि ओल्या सीटवर बसू नका. ओलं चामडं लगेच ताणलं जातं आणि तसंच राहतं.

पाच. नट. सीट खरंच लोंबलं असेल तरच, सुकं असताना, पाव फेरा. मग महिनाभर चालवा आणि बघा. अनेकांना वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही.

आणि माळ्यावरचं सीट? नुसतं सुकलेलं, राखाडी पडलेलं असेल तर घाई करू नका. पातळ मेण, चार दिवस थांबा, परत पातळ मेण. ते परत येतं. तडा आरपार गेला असेल किंवा चामडं रिव्हेटमधून निसटलं असेल, तर त्यावर बसू नका. घरात तसंच जपून ठेवा.

काही करायच्या आधी जवळच्या चर्मकार काकांना एकदा दाखवा. व्हिडिओ नंतर बघा. पारोळ्याच्या काकांनी माझ्याकडून 50 रुपये घेतले. मी हे आधी केलं असतं, तर आजोबांचे खळगे आज सीटवर असते.

चला, भेटू पुढच्या भागात. सायकल सावलीत लावा. राम राम!