घरच्या कार्यशाळेंतील वीज

नोकरींतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ सज्जाच्या कोपऱ्यांत मेज मांडतो, ड्रिल मशीन आणतो, मागाहून ग्राइंडर येतो, आणि हळूहळू घरांत एक लहानशी कार्यशाळा उभी राहते. छंद उत्तमच आहे. परंतु यंत्र निवडतांना दहा दुकानें पालथीं घालणारा हाच गृहस्थ त्या यंत्रास वीज पोंचविणाऱ्या तारेकडे मात्र ढुंकूनहि पाहत नाहीं. दिव्यासाठीं आणलेली बारीक वायर तो लोखंड कापण्याच्या यंत्रास जोडतो. प्लगाची तिसरी पिन बोर्डांत शिरत नाहीं म्हणून ती काढून टाकतो. या दोन चुकांपैकीं पहिली घरास घातक आहे, व दुसरी घरधन्यास.

प्रथम तारेचा विचार करावा. यंत्राच्या पट्टीवर वॅटचा आंकडा लिहिलेला असतो. त्यास २३० व्होल्टनें भागिलें कीं प्रवाह किती अँपियर लागेल, तें ढोबळ मानानें कळतें. २००० वॅटच्या यंत्रास सुमारें ८.७ अँपियर लागतात. अर्थात् ६ अँपियरचा लहान सॉकेट त्याच्या कामाचा नव्हे. त्यास १६ अँपियरचा सॉकेट व भिंतींतून निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते, हा निसर्गनियम आहे. तो कोणाचीहि भीड धरीत नाहीं.

लांब एक्स्टेन्शनचेंहि तसेंच. पाऊण चौरस मिलिमीटरची तीस मीटर लांब वायर या यंत्रास जोडली, तर वाटेंतच सुमारें १२ व्होल्ट खर्ची पडतात, आणि शंभर वॅटहून अधिक शक्ति वायर तापविण्यांत जाते. वायरीचें वेटोळें तसेंच ठेविलें, तर ही उष्णता आंतल्या आंत कोंडते व वरचें आवरण वितळूं लागतें. म्हणून वायर जाड घ्यावी, आणि काम करतांना ती पूर्ण उलगडावी. एमसीबी वारंवार पडूं लागला, तर त्याच्या जागीं मोठा बसविणें म्हणजे राखणदारास झोंपवून चोरास दार उघडून देणें होय.

आतां तिसऱ्या पिनेविषयीं. ती इतर दोहोंपेक्षां लांब असते, ती उगाच नव्हे. प्लग बसवितांना ती सर्वांत आधीं जोडली जाते व काढतांना सर्वांत शेवटीं सुटते. यंत्रांतील फेजची तार सुटून धातूच्या अंगास लागली, तर प्रवाह या पिनेवाटे अर्थिंगकडे धांवतो व एमसीबी तत्काळ पडतो. ती पिन नसेल, तर तोच प्रवाह यंत्र धरणाऱ्याच्या हातांतून वाट काढतो. ज्या यंत्रांवर चौकोनांत चौकोन असें चिन्ह असतें, त्यांना दुहेरी आवरण असल्यामुळें दोन पिनांचा प्लग चालतो. इतरांस तो कदापि चालत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. एमसीबी तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. तो १६ अँपियरच्या पुढें जागा होतो. परंतु त्याच्या पांचशेंव्या हिश्शाहून थोडा प्रवाहहि माणसाच्या प्राणावर बेतूं शकतो. यासाठीं ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा. मात्र तो आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करूं नये. दोन्ही गोष्टी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्याव्यात.

या सर्वांस खर्च येतो, हें खरें. परंतु सज्जांतील त्या मेजाशेजारीं आजोबांची कारागिरी पाहत नातू उभा असतो, आणि केव्हां तरी तोहि कुतूहलानें यंत्रास हात लावणारच. त्या वेळीं त्याचें रक्षण आजोबांचें कौशल्य करीत नाहीं. तें ती तिसरी पिन करते.