गूगलला आपल्या बाई का सापडत नाहीत?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या कामातलं सांग, पण समजेल असं सांग’ अशी ताकीदही दिली आहे. माझं काम सर्च इंजिनांचं. तेव्हा विषय घरचाच घेतो.

आपल्या समितीने शाळेचे जुने वार्षिक अंक हौसेने स्कॅन करून वेबसाइटवर चढवले. महिन्याभरात ग्रुपवर तक्रार आली की, गणिताच्या बाईंचं नाव टाकलं तर गूगलवर काहीच येत नाही. बाई आता आपल्यात नाहीत. त्यांनी लिहिलेलं जे काही उरलंय ते त्या अंकांतच आहे. मग ते दिसत का नाही?

आपण शब्द टाकला की गूगल जगभर धावत सुटतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. धावाधाव आधीच झालेली असते. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरतो आणि मजकूर उचलून आणतो. त्या मजकुराची सूची बनते. तुकोबांच्या गाथेला अभंगांची अकारादि सूची जोडलेली असते ना, तशीच. फक्त इथे पहिल्या चरणाऐवजी प्रत्येक शब्द घेतात आणि तो कुठल्या कुठल्या पानांवर आहे ते त्याच्यापुढे मांडतात. तुम्ही ‘सायकल दुरुस्ती’ विचारलंत की दोन्ही शब्दांच्या याद्या काढायच्या आणि सामाईक पानं निवडायची. त्यांतलं आधी कुठलं दाखवायचं, हा पुढचा प्रश्न. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली कंपनी काढली ती याच प्रश्नाच्या उत्तरावर: ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान वजनदार. आता त्यात इतरही बरंच काही मिसळलं आहे. ते सोडून देऊ.

मराठीत मात्र सूची करणं सोपं नाही. ‘शाळा’ शोधणाऱ्याला शाळेत, शाळेचा, शाळेतल्या हेही मिळायला हवं, म्हणजे प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत जायला हवं. वर्गात सामान्यरूपाला कंटाळलेल्या मुलाने पुढे पोटासाठी तेच करत बसावं, हा मराठीच्या सरांनी उगवलेला सूडच म्हणायचा! त्यात 1962 साली शुद्धलेखनाचे नियम बदलले. त्याआधीच्या अंकांत ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असं छापलेलं असतं. आपल्याला तो एकच शब्द दिसतो, यंत्राला दोन वेगळे दिसतात. ते एकच आहेत हे त्याला शिकवावं लागतं.

पण बाईंची अडचण याच्याही आधीची आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. त्यात अक्षरं नाहीत, काळे-पांढरे ठिपके आहेत. चित्रातून अक्षरं ओळखण्याचा प्रयत्न सर्च इंजिनं काही वेळा करतात, पण पिवळ्या कागदावरच्या, शाई फुटलेल्या जोडाक्षरांपुढे त्यांचा भरवसा धरू नये.

नंतरचे अंक संगणकावर जुळवले होते, तरी त्यांचंही रडगाणं आहेच. त्या वेळचे फॉन्ट युनिकोड नव्हते. कृतीदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो रोमन ‘डी’. माणसाला सुंदर मराठी आणि यंत्राला निव्वळ बाराखडीचा चिवडा. त्या काळातलं कितीतरी मराठी असं डोळ्यांसमोर असूनही हरवलेलं आहे, आणि याची हळहळ मला फोटोंपेक्षा जास्त वाटते. कारण तो मजकूर कुणीतरी एकदा कष्टाने टाइप केलेला होता.

म्हणून समितीला माझी विनंती. स्कॅन ठेवा, पण प्रत्येक लेखाचा मजकूर युनिकोडमध्ये शेजारी द्या. अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरने कच्चा मजकूर निघतो. तो मूळ पानाशी ताडून तपासायला माणूस लागतो. निवृत्त मंडळी इथे बरीच दिसतात! पानाला ‘अंक 7’ असं नाव न देता लेखाचं आणि लेखकाचं नाव द्या. फोटोखाली कोण उभं आहे ते लिहा. फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर सॉफ्टवेअर मिळतात, जुन्या फाइली मात्र छापखान्यातून आधी मिळवायला हव्यात.

आणि एक गोष्ट सापडू नये याचीही काळजी घ्या. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. ती पानं वेबसाइटवर जशीच्या तशी टाकू नका. ‘रोबोट्स’ नावाच्या फाइलीत ‘इथे येऊ नये’ असं लिहिता येतं, पण ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर पाटी पाळतात, बाकीचे आत शिरतात. यादी पासवर्डमागेच हवी.

बाईंचे लेख टाइप करायचं काम मी घेतो. अंकांची चांगली प्रत कुणाकडे असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा.