काम संपलं, पण माग थांबत नाही

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ हा विषय दिला होता. त्यावर बोलणारे तुम्हाला खूप भेटतील. मी आयटीतल्या झोपेवर बोलणार आहे. हसताय, पण इथे नोकरी करणारे जे दहा-पंधरा जण बसले आहेत ते हसलेले नाहीत, बघा.

मी मालेगावची. घरात उर्दू, शाळेत मराठी. अब्बांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवले. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. माग बंद पडला की मजुरी बंद. मी इंजिनीअरिंग केलं आणि आता नऊ वर्षं पुण्यात, हिंजवडीत आहे. ऑनलाइन पैसे देण्याघेण्याचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीआधी आम्हाला एक जुनी यंत्रणा बंद करून नवी सुरू करायची होती. दुकानदाराचे पैसे त्याच्या खात्यात पोचवणारी यंत्रणा, म्हणजे चूक झाली तर लोकांचे पैसे अडकणार. तीन आठवडे रोज चौदा-पंधरा तास काम चाललं. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे महत्त्वाचं सगळं रात्री. तिसऱ्या रविवारी पहाटे साडेचारला रिलीज पार पडलं. ग्रुपवर अंगठे आणि टाळ्या आल्या. मॅनेजरने चार दिवसांचा कॉम्प-ऑफ दिला आणि मी एसटी पकडून घरी गेले. वाटलं होतं, चार दिवस नुसती झोपेन.

झोपच आली नाही. डोळे जळायचे, पण मिटायचे नाहीत. दुपारी आडवी झाले की छाती धडधडायची. फोन शेजारच्या खोलीत असायचा आणि मला उशीखाली तो थरथरल्यासारखा वाटायचा. रात्री तीनला उठून लॅपटॉप उघडायचे. डॅशबोर्डवर सगळं हिरवं. बरं वाटायला हवं ना? मला वाटायचं, डॅशबोर्डच बिघडला असेल. तिसऱ्या दिवशी जेवताना अब्बांनी भाचीच्या अ‍ॅडमिशनच्या फॉर्मबद्दल काहीतरी साधंच विचारलं. मी ओरडले, “दोन मिनिटं शांत बसू द्याल का मला!” अब्बांशी असं मी आयुष्यात बोलले नव्हते. अम्मी भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

अब्बा काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, चल, चहा पिऊन येऊ. अम्मीची तीस वर्षांची एक तक्रार होती. पाळी सुटल्यावर हा माणूस सरळ घरी येत नाही, अर्धा तास हॉटेलात बसतो. आम्हा भावंडांनाही तेच वाटायचं, की अब्बांना गप्पांची चटक आहे. त्या दिवशी ते म्हणाले, “पाळी सुटली तरी कानातला माग चालूच असतो. तो थांबायला अर्धा तास लागतो. तसाच घरी आलो असतो, तर तुम्हा पोरांना मारलं असतं.” ते तिथे गप्पाही मारत नसत. नुसते बसून असायचे.

ज्यांनी मालेगाव पाहिलेलं नाही त्यांना सांगते. आमच्याकडे मागांची सुट्टी शुक्रवारी असते. एरवी दिवसरात्र खडखडाट. लहानपणी सकाळी जाग आली आणि आवाज नसला, की आज जुम्मा आहे हे कळायचं. सगळ्यांचे माग एकाच वेळी बंद, म्हणून कुणाला मागे पडायची भीती नाही. माझा माग खिशात असतो. त्याला जुम्मा नाही आणि रविवारही नाही.

परत आल्यावर मी थोडं वाचलं. साबीने सोनेंटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर पुष्कळ काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की विश्रांतीसाठी नुसतं काम थांबणं पुरत नाही, मनाने कामातून बाहेर पडावं लागतं. आणि कामाचा ताण सर्वांत जास्त असतो, म्हणजे विश्रांतीची गरज सर्वांत जास्त असते, नेमकं तेव्हाच हे बाहेर पडणं सर्वांत अवघड होतं. हे वाचून मला रडू आलं. मी स्वतःला कमकुवत समजत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये सांगितलं, की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त असतो. माझे तेव्हा शंभरच्या आसपास भरत होते.

मग मला बाहेर का पडता आलं नाही? रील्स बघितले, सिरीज बघितली, एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून लवेंडरचं तेलसुद्धा उशीवर टाकलं. खरं कारण नंतर कळलं, आणि ते अगदी कोरडं होतं. त्या नव्या यंत्रणेतल्या दोन गोष्टी फक्त मला माहीत होत्या. रात्री बिघाड झाला तर पहिल्यांदा काय बघायचं आणि परत जुन्यावर कसं जायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या जागी फोन कुणी घ्यायचा हे ठरलं नव्हतं. डोकं जागं होतं, कारण पहारा बदललाच नव्हता. आता मी रिलीजच्या आधीच ते सगळं लिहून दुसऱ्याकडून एकदा करून घेते. मी गप्प बसते, तो करतो. त्याला जमलं की माझ्या डोक्यातली अर्धी वीज तिथेच बंद होते. उरलेल्या अर्ध्या विजेसाठी अब्बांचा अर्धा तास. कंपनीच्या बसमधून दोन स्टॉप आधी उतरते, कटिंग घेते, घरी चालत जाते. तरी कधी कधी तीनला जाग येतेच.

आता आपल्याबद्दल थोडं. आपल्यातले पुष्कळ जण घरातले पहिले नोकरदार आहेत. बायोडेटावर आपलं नाव आहे, आणि ते नाव वाचून समोरच्याच्या मनात काय येतं याची धास्तीही आहे. म्हणून आपण दुप्पट करून दाखवतो. मी दर दिवाळीला ऑन-कॉल घ्यायचे, बदल्यात ईदला एक सहकारी माझा फोन सांभाळायचा. चांगली अदलाबदल आहे, करा. पण दिवाळीत तो निवांत असायचा आणि ईदला मी शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी लॅपटॉप उघडून बसायचे. त्याने कधी तसं म्हटलं नव्हतं. मलाच वाटायचं, सुट्टी घेतली तर ‘हे लोक असेच’ असं म्हणतील.

आणि हे दुखणं मी पुढेही दिलं. टीम लीड झाल्यावर एक नवा मुलगा, परभणीकडचा, बहिणीच्या लग्नाला गेला होता. रात्री अकराला मी त्याला मेसेज टाकला, ‘घाई नाही, जमेल तेव्हा बघ.’ त्याने मांडवातून तासाभरात उत्तर पाठवलं. मी ‘थँक्स’ लिहून झोपले. घाई नव्हती, तर मी सकाळपर्यंत थांबले का नाही? नंतर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “नाही मॅडम, चालतं.” हे ‘चालतं’ मला ओळखीचं होतं, मीच नऊ वर्षं म्हणत आले होते.

आपण ज्याला सुट्टी म्हणतो ती कुणी एकट्याने मन शांत करून मिळवलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक माणूस, यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. गिरणीमालकांनी ती मान्य करायला 1890 उजाडलं. आज महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायदा 2017 आहे. व्यवस्थापक पदावरचे वगळता कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळाली पाहिजे, असं त्यात आहे. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टीही आहे. किती जणांनी वाचलाय? हात वर करा. तीन. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून आहे.

आमच्या टीममध्ये आता एवढंच ठरलं आहे, की रजेवरच्या माणसाला फोन करायचा असेल तर आधी मला विचारायचं, आणि मी रजेवर असेन तर माझ्या खालच्या मुलीला. गेल्या महिन्यात मी रजेवरून स्वतःच ग्रुपवर काहीतरी विचारलं, तर तिने मला सरळ ग्रुपमधून काढून टाकलं. राग आला मला. चार दिवसांनी परत घेतलं तिने.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न विचारा. मागच्या रांगेतली ती मुलगी मघापासून टेबलाखाली ऑफिसला उत्तर देते आहे, तिचं संपू दे, मग तिच्यापासूनच सुरू करू.