वहीतला शेरा



आपल्या डोईफोडियात बहुतेक शाळा हिंदीत चालतात, घरी मराठी बोललं जातं आणि भोवतालच्या वस्त्यांवर कोरकू. शिक्षक-पालक संवादावर बोला असं सांगण्यात आलं, तेव्हा मला हेच आधी आठवलं. वहीतला शेरा पुष्कळ बापांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाटेत त्याचं काय होतं ते सांगतो.

कापूसवेचणीच्या दिवसांत एक जण तिसरीतल्या मुलाला दवाखान्यात घेऊन आला. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. मी दोन महिने गोळ्या दिल्या. एके दिवशी तो म्हणाला, "आता याला काढून घेतो. मास्तरांनी लिहून दिलंय, डोकं चालत नाही." मी वही मागवली. शेरा होता, "ध्यान नहीं देता." वाचणाऱ्याने आपल्या मनाने अर्थ लावला होता. मुलाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं, तर आकडे दिसेनात. आईला ठाऊक होतं की पोरगं टीव्हीला नाक लावून बसतं. शिक्षकांना ठाऊक होतं की तो फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती. आणि बारीकसारीक विचारतो म्हणून मिरवणारा मी होमिओपॅथ, मीही शाळेचं काही विचारलं नव्हतं. चष्मा लागला, पोट दुखायचं थांबलं.

कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने पालकांशी नियमित बैठका घेणं आणि मुलाची हजेरी, प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं. २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत. पण सभा दुपारी बारा वाजता ठेवली तर मजुराचा रोज बुडतो, आणि तो बुडवून गेलं तर चारचौघांत पोराच्या तक्रारी ऐकायच्या. तुम्ही गेला असता?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. गरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. आईबापांच्या डोळ्यांसमोर शिकवणं चाललं, वेगळी सभा लागली नाही.

आजच्या शिक्षकांच्या मागे मतदारयाद्या आणि सतरा कामं आहेत, हे मला कळतं. तरी वर्षातला पहिला निरोप तक्रारीचा नसावा, आणि सभा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवून पाहावी. पालकांनीही "अभ्यास करतो का?" एवढंच विचारून परतू नये. पोर घरी काय करतं, कशाला घाबरतं, तेही सांगावं.

तो बाप पुढच्या सभेला गेला. परतताना दवाखान्यात डोकावून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सरांनी आधी पऱ्हाटीचं विचारलं."