पाणबुड्याच्या खांद्याची कळ

पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून खोल समुद्रांत उतरलेला पाणबुड्या वर येतो, तासाभरानें त्याचा खांदा ठणकूं लागतो, आणि ‘सिलिंडर उचलतांना लचकला असेल’ म्हणून तो स्वस्थ बसतो. डॉक्टरची परीक्षा येथेंच! दाबाखालीं शरीरांत विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्यानें उतरतांच बुडबुड्यांच्या रूपानें सुटतो, हें पॉल बेर यानें १८७८ सालीं मांडलें. परंतु या व्याधीची निश्चित खूण सांगणारी रक्ततपासणी आजहि नाहीं. म्हणून विचारावयाचें तें हेंच : किती खोल गेलां होतां? किती वेळ? वर किती वेगानें आलांत? चोवीस तासांच्या आंत उद्भवलेली सांध्याची कळ, पायांचा बधिरपणा, तुंबलेली लघवी हीं लक्षणें दिसतांच प्राणवायु सुरू करून रोग्यास दाबकोठीकडे न्यावें. विमानानें घरीं परतण्याची घाई मात्र करूं देऊं नये. उंचावर दाब आणखी उतरतो, आणि बुडबुडे फुगतात.