नकाशाला खात्री किती?

मोबाइलवर नकाशा उघडला की एक निळा ठिपका आपली जागा दाखवतो. एखाद्या मोठ्या इमारतीत शिरलो की त्याच्याभोवती फिकट निळे वर्तुळ पसरते. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. खरे तर ती कबुली असते: तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, नेमके कुठे ते सांगता येत नाही. गंमत अशी, की ठिपक्याखालचा नकाशा स्वतःबद्दल अशी कबुली सहसा देत नाही. अलीकडे मोजलेला किनारा आणि शंभर वर्षांपूर्वी कुणी दुरून पाहिलेला किनारा, दोन्हींची रेषा सारखीच ठळक.

यातून काय घडते ते सँडी बेटाने दाखवले. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या समुद्रातल्या या बेटाची नोंद 1876 मध्ये ‘व्हेलॉसिटी’ या जहाजाने केली होती. छापील सागरी नकाशांत शंका दाखवायची जुनी रीत आहे. तुटक रेषा काढतात किंवा ‘अस्तित्व संशयास्पद’ अशा अर्थाची दोन अक्षरे लिहितात. फ्रेंचांनी तर 1970 च्या दशकातच हे बेट आपल्या नकाशांतून वगळले. पण संगणकीय नोंदींत बेट उतरले, शंका उतरली नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचे ‘सदर्न सर्व्हेयर’ हे संशोधन जहाज तिथे पोचले, तेव्हा गूगलच्या नकाशावर बेट दिमाखात उभे होते आणि जहाजाखाली 1,300 मीटरहून अधिक खोल पाणी! पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी बेटाचा चक्क मृत्युलेख प्रसिद्ध केला. ज्वालामुखीतून निघालेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या दगडांचा थर पाहून खलाशी फसले असावेत, असा त्यांचा तर्क.

याच्या उलटही घडते. 2009 मध्ये ‘गूगल अर्थ’वर आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रतळावर आडव्याउभ्या रेषा दिसल्या आणि बुडालेले अटलांटिस सापडल्याची आवई उठली. त्या होत्या खोली मोजत गेलेल्या जहाजांच्या वाटा. तेवढ्या पट्ट्यांत माहिती बारकाईची, आजूबाजूला अंदाजाची. कोणता भाग मोजलेला, हे चित्रात सांगितलेच नव्हते; मग लोकांनी त्यात शहर पाहिले, यात त्यांचा काय दोष?

मोठ्या जहाजांवरच्या संगणकीय नकाशांत आता यासाठी चांदण्या असतात, हॉटेलांसारख्या. मोजणी उत्तम असेल तिथे सहा, अगदी कच्ची असेल तिथे दोन. मूल्यमापनच झाले नसेल तर ‘यू’ हे अक्षर. कल्पना चांगली, पण चांदण्यांनी पडदा इतका भरून जातो, की अनेक नाविक ती सोय बंदच ठेवतात. मला विचाराल तर जुनी तुटक रेषा बरी. ती पाहायला वेगळे बटण दाबावे लागत नाही, आणि कच्च्या मोजणीच्या पाण्यात जहाज घालताना ती डोळ्यांसमोरच असते.