खलनायकाची रोजनिशी



नव्वदच्या दशकात सुट्टी लागली, की पुष्कळ घरांत टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला जायचा. कॅसेट चालेना, की तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. मग मारिओ धावू लागायचा. चौथ्या टप्प्याच्या शेवटी किल्ला, खाली उकळता लाव्हा, वर पूल आणि पुलावर आग ओकणारा राक्षस. त्याच्या पाठीमागे कुऱ्हाड. मारिओ तिथवर पोचला, की पूल कोसळायचा आणि राक्षस लाव्ह्यात. आम्ही त्याला नुसतं ‘ड्रॅगन’ म्हणायचो. नाव विचारावंसं कधी वाटलंच नाही.

त्याचं नाव बाउझर. जपानीत कुप्पा. कोरियातल्या भात घातलेल्या सूपवरून ते आलं. म्हणजे आपण एखाद्या राक्षसाचं नाव ‘कढीभात’ ठेवावं, तसं! मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांच्या मनात आधी बैल होता, एका जुन्या जपानी कार्टूनपटातला वृषभराजा. सहकारी म्हणाले, हा तर कासवासारखा दिसतो. झालं, त्याला पाठीवर कवच मिळालं.

१९८५च्या त्या पहिल्या खेळात त्याला रूप होतं, स्वभाव नव्हता. आठ किल्ल्यांपैकी पहिल्या सात किल्ल्यांतले बाउझर तर तोतये होते. आगीच्या गोळ्यांनी मारलं, की खालून भलताच कुणी किरकोळ शिपाई निघायचा.

मग या राक्षसाला मन कुठून आलं? मला वाटतं, ते मारिओमुळे आलं. मारिओ फारसं बोलत नाही. तो उडी मारतो, ‘याहू’ करतो, संपलं. त्याला मुद्दाम रिकामं ठेवलंय, कारण त्याच्या जागी आपण बसायचं असतं. पण गोष्ट सांगायची तर रागावणारं, रुसणारं, बढाया मारणारं कुणीतरी हवंच. ते सगळं बाउझरच्या वाट्याला आलं.

१९९६ साली ‘सुपर मारिओ आरपीजी’ आला. त्यात बाउझरचाच किल्ला दुसरा कुणीतरी बळकावतो. मग हा मारिओच्या टोळीत सामील होतो. पण कबूल कसं करणार? उलट ऐट अशी, की मारिओच माझ्या सैन्यात भरती झालाय! आणि हाच गडी एकटा असताना गेलेल्या किल्ल्याच्या आठवणीने कवितेच्या ओळी पुटपुटतो.

पुढे ‘पेपर मारिओ’मध्ये त्याने पळवून किल्ल्यात कोंडलेल्या राजकन्या पीचच्या हाती त्याची रोजनिशी लागते. आपण तिला आवडावं, असं या दांडगोबाला मनातून वाटत असतं. आता बघा, चोरी तीच, किल्लाही तोच. पण रोजनिशी वाचल्यावर त्याची निव्वळ भीती वाटत नाही. थोडी कीव येते, थोडं हसू येतं.

२००२च्या ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये तो बाप झालेला दिसतो. धाकट्या बाउझरला त्याने थाप मारलेली असते, की पीच हीच तुझी आई. शेवटी हरल्यावर खरं सांगायला जीभ रेटत नाही. मुलगाच म्हणतो, मला माहीत आहे बाबा. तरी मोठा झालो, की मारिओशी पुन्हा लढायचंय. पुढे २०२१च्या ‘बाउझर्स फ्युरी’मध्ये बाप बेभान होऊन अक्राळविक्राळ होतो, तेव्हा हाच मुलगा मदतीसाठी मारिओकडे येतो.

बाउझर सुधारला, असं मात्र समजू नका. पीचला पळवणं त्याने सोडलेलं नाही. त्याने ते सोडलं, तर खेळच उरणार नाही. म्हणून त्याची कृती तीच राहिली आणि स्वभाव तेवढा वाढत गेला. मधल्या काळात तो मारिओबरोबर गाड्यांच्या शर्यतीत उतरला, टेनिस खेळला, गोल्फही खेळला. शर्यत संपली, की पुन्हा अपहरण!

आणि २०१७चा ‘सुपर मारिओ ओडिसी’. पांढरा सूट, डोक्यावर उंच हॅट, चंद्रावर पीचशी जबरदस्तीचं लग्न. मारिओ त्याला हरवतो, तेवढ्यात जमीन खचते. सुटकेचा मार्ग एकच. मारिओची टोपी बेशुद्ध बाउझरच्या डोक्यावर चढते आणि आपण, म्हणजे खेळणारे, त्याच्या अंगात शिरतो. त्याच्या पंज्यांनी भिंती फोडत बाहेर पडतो. इतकी वर्षं ज्याला लाव्ह्यात लोटलं, त्याच्याच ताकदीवर जीव वाचतो.

बाहेर आल्यावर दोघेही फुलं पुढे करून पीचला मागणी घालतात. ती दोघांनाही नकार देते आणि जहाजाकडे निघते. मारिओ धावत जाऊन जहाजावर चढतो. बाउझर चंद्रावरच राहतो.

लहानपणी पूल कोसळला, की मी पुढच्या टप्प्याची वाट बघायचो. खाली पडणाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. यावेळी जहाज सुटलं, तेव्हा माझी नजर मागे राहिलेल्यावरच होती.